मोटार सेवेचा पहिला मान

स्वावलंबन हा माणसाचा सर्वांत थोर गुण आहे. कुणाच्या दारात न जाता जो आपलं आपण भागवतो, त्याच्यापुढे जग नमतं. चेन्नईच्या वैगै जनरल इन्शुरन्स कंपनीत हा गुण २००८ सालच्या जूनमध्ये परिपत्रक काढून बंद करण्यात आला.

परिपत्रकावर जनरल मॅनेजर ज्ञानसंबंदन यांची सही होती. ते सिंगापूरला एका शिबिराला जाऊन आले होते आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले होते: बायकोसाठी मिक्सर आणि कंपनीसाठी एक विचार. मिक्सर आठवड्यात बिघडला. विचार टिकला.

विचार असा की, आजवर कंपनीतला प्रत्येक विभाग आपला संसार स्वतंत्र मांडून बसला होता. गिऱ्हाइकांचे पत्ते मोटार विभागाच्या प्रोग्रॅममध्ये होते, आग विभागाच्या होते, जहाज विभागाच्याही होते, आणि एकाच गिऱ्हाइकाचे पत्ते एकमेकांशी जुळत नसत. तंजावरचे एक भातगिरणीवाले कंपनीच्या हिशेबी चार ठिकाणी राहत होते आणि त्यांपैकी एका ठिकाणी ते वारलेले होते. यापुढे हे चालणार नव्हतं. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करायचं, ते सगळ्यांसाठी करायचं, आणि बाकी जे लागेल ते ज्याचं त्याला विचारायचं. पत्ता हवा तर पत्त्याच्या प्रोग्रॅमला हाक मारायची. हप्ता काढायचा तर हप्त्याच्या. जवळ काही साठवून ठेवायचं नाही. अशा प्रोग्रॅमला 'सेवा' म्हणायचं आणि प्रत्येक सेवेला एक मालक नेमायचा. सेवेला मालक असतो, यात कंपनीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

के. तिल्लैनायगमला ते परिपत्रक पहिल्या वाचनात आवडलं, कारण पहिल्याच पानावर त्याचं नाव होतं. मोटारीच्या विम्याचा हप्ता काढणारा प्रोग्रॅम त्याचा. गाडी कुठल्या सालची, इंजिन केवढं, ती मदुरैत फिरते की चेन्नईत, गेल्या वर्षी मालकाने कुणाला धडक दिली का, टपावर बोजा नेतो का, या सगळ्याचा सांगोपांग विचार करून तो प्रोग्रॅम एक आकडा काढी. तो लिहिण्यात तिल्लैनायगमची उमेदीची वर्षं गेली होती आणि ती वाया गेली असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता त्या प्रोग्रॅमचं नाव 'मोटार सेवा' झालं.

दुसऱ्या पानावर पार्थिबनचं नाव होतं. 'पत्ता सेवा.'

पार्थिबनचा प्रोग्रॅम पॉलिसीचा नंबर घेई आणि नाव-पत्ता देई. संपलं. त्यात विचार म्हणून कुठे नव्हताच. "पोस्टमन निदान जिना तरी चढतो," असं तिल्लैनायगमचं त्यावर म्हणणं होतं. पार्थिबनही आपल्या प्रोग्रॅमसारखाच होता. केस चोपून बसवलेले, खिशात कंगवा, ओठांवर कायम कसली तरी चाल, आणि काम संपलं की संपलं हे लपवण्याची तसदी नाही. वीसेक वर्षं नोकरी करून माणसाच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसावी, तीही नव्हती. तिल्लैनायगमच्या मनात त्याच्याविषयी काही वाईट नव्हतं. म्हणजे जूनपर्यंत नव्हतं.

जुलैत कॅन्टीनच्या दाराशी एक फलक लागला. विजेचा, टीव्हीसारखा. कुठल्या सेवेला दिवसभरात इतरांच्या किती हाका आल्या, ते त्यावर सतत दिसे, आणि ज्याला जास्त हाका तो वर. पहिल्या दिवशी तिल्लैनायगम जेवणाचा डबा हातात घेऊन फलकासमोर उभा राहिला तेव्हा सगळ्यांत वर पत्ता सेवा होती. तिच्याखाली तारीख सेवा. ती आज तारीख काय आहे ते सांगे. मोटार सेवा तिच्याही खाली होती.

"अण्णे, जेवलात का?" मागून पार्थिबन आला. "माझ्या पोराला सकाळपासून उसंत नाही बघा. आगवाले हाका मारतात, जहाजवाले मारतात, तुमचे मोटारवाले तर रांगच लावून असतात. तुमच्याकडे येतं का कुणी?"

नव्या डॉक्टरला शेजाऱ्याने दवाखान्याविषयी विचारावं, तसा त्याचा सूर होता.

"मला एक हाक येते तेव्हा मी बारा गोष्टींचा विचार करून उत्तर देतो, पार्थिबा."

"तेच म्हणतोय, अण्णे. लोक त्यालाच भीत असतील."

तिल्लैनायगमने त्या दिवशी दहीभात अर्धा ठेवला. पुढे तो रोजच अर्धा राहू लागला. फलक चुकवून कॅन्टीनमध्ये जायला दुसरं दार नव्हतं. तो मान खाली घालून जाई, पण डोळ्यांच्या कोपऱ्याला आकडा दिसेच, आणि एकदा दिसला की दुपारभर डोळ्यांपुढून हलत नसे. पार्थिबनचं गुणगुणणं त्याला आता दोन खोल्या पलीकडून ऐकू येऊ लागलं. पार्थिबनने नवे बूट घेतले, तेही लक्षात आलं. पत्ता सांगायला बूट कशाला लागतात, हे काही कळेना.

घरी बायको, वडिवू, फिल्टर कॉफी पुढे ठेवत म्हणाली, "अहो, पत्ता विचारणं म्हणजे काय मोठा मान आहे? आपल्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसतो, त्याला सगळं मैलापूर पत्ता विचारतं. त्याला कुणी हार घातलाय?"

"घालणार आहेत," तिल्लैनायगम म्हणाला. "तेच तर सांगतोय."

कारण त्या दिवशीच ज्ञानसंबंदन साहेबांनी आयुधपूजेचं जाहीर केलं होतं.

वैगै कंपनीची खंडेनवमीची आयुधपूजा म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. तळमजल्यावरच्या थंड खोलीत कंपनीचं जे मोठं मशीन होतं, त्याला दर वर्षी चंदनाचे टिळे लागत, झेंडूचा हार पडे, गुरुक्कळ मंत्र म्हणत, जिन्याशी कुंकू भरलेला कोहळा फुटे. पाटावर बसे तिल्लैनायगम. मशीनच्या गळ्यातला हार शेवटी त्याच्या गळ्यात येई आणि देवळात मानकऱ्याच्या डोक्याला गुंडाळतात तसं रेशमी वस्त्र गुरुक्कळ त्याच्या डोक्याला गुंडाळत. पहिला मान. गावाकडे या मानावरून देवळांना कुलपं लागतात आणि आजोबांनी लावलेला खटला नातू चालवतो. ऑफिसात तो तिल्लैनायगमला बिनबोभाट मिळत आला होता, कारण मशीन एक होतं आणि त्यातला मोठा प्रोग्रॅम त्याचा होता. दर वर्षीचा फोटो त्याच्या हॉलमध्ये लावलेला होता. मायावरमहून मेहुणे आले की फोटोंखालच्या सोफ्यावरच बसवले जात.

आता मोठं मशीन गेलं होतं. प्रत्येक सेवेला आपापलं बारकं मशीन मिळालं होतं, आणि ती सगळी थंड खोलीत कपाटातल्या स्टीलच्या डब्यांसारखी ओळीने उभी होती. हार कुठल्या डब्याला?

"यात भांडण कशाला?" ज्ञानसंबंदन साहेब बैठकीत म्हणाले. "ज्याला सगळे विचारतात त्याला पहिला मान. पूजेच्या आदल्या संध्याकाळी फलकावर जो वर असेल, तो पाटावर बसेल."

जहाज विभागाच्या कनगवल्ली मॅडमनी विचारलं, "सार, आणि तारीख सेवा वर आली तर? तिचा मालक कोण, हेच कुणाला माहीत नाही."

"मग तेव्हा बघू," साहेब म्हणाले, आणि पार्थिबनकडे पाहून हसले. तिल्लैनायगमने ते हसू पाहिलं. ते त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावरही पाहिलं.

वर जायचं तर हाका वाढायला हव्या होत्या, आणि स्वतःच स्वतःला मारलेल्या हाका फलक धरत नसे. इतरांनी मारायला हव्या होत्या. तिल्लैनायगम कनगवल्ली मॅडमच्या टेबलाशी गेला.

"मॅडम, तुमच्या प्रत्येक पॉलिसीला मोटार सेवेला एकदा विचारून घेत चला. काळजी म्हणून."

"तिल्लै सार," मॅडमनी चष्मा वर केला. "माझ्या जहाजांना चाकं नसतात."

"माल बंदरापर्यंत लॉरीनेच येतो ना?"

"लॉरीचा विमा लॉरीवाला काढतो. मी तुम्हाला काय विचारू? शून्य गाड्यांचा हप्ता किती?"

"विचारा. उत्तर बरोबरच मिळेल."

मॅडमनी चष्मा पुन्हा खाली घेतला. त्यांना सगळं कळलेलं होतं, आणि कळलेल्या गोष्टीचं काय करायचं हेही कळत होतं. "माझी गाडी दिवसभर उन्हात भाजते हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तुमची जागा कडुलिंबाखाली आहे, नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून कडुलिंबाखाली कनगवल्ली मॅडमची गाडी उभी राहू लागली, आणि जहाज विभागाचा प्रोग्रॅम प्रत्येक पॉलिसीमागे मोटार सेवेला हाक मारून शून्य गाड्यांचा हप्ता विचारू लागला. मोटार सेवा बारा गोष्टींचा विचार करी आणि 'शून्य' म्हणे. आठवड्याभरात तिने तारीख सेवेला मागे टाकलं. आग विभाग नुसत्या शब्दावर तयार झाला, कारण तिथला प्रमुख निवृत्तीला आला होता आणि कशालाच नाही म्हणत नव्हता.

पण वरचा आकडा वरच राहिला. तिल्लैनायगमने त्या आकड्याचा अभ्यास केला. पत्ता सेवेला येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून जास्त हाका मोटारीच्याच होत्या. प्रत्येक गाडीच्या नूतनीकरणाची सूचना पाठवायची, तर पत्ता पार्थिबनला विचारावा लागे. म्हणजे पार्थिबनला डोक्यावर बसवणारा दुसरातिसरा कुणी नव्हता. आपणच त्याला रोज खांद्यावर घेऊन मिरवत होतो आणि वर त्याच्या बुटांकडे बघत होतो.

परिपत्रकात जवळ काही साठवू नये असं स्पष्ट म्हटलं होतं. तिल्लैनायगमने एका रविवारी ऑफिसात येऊन सगळ्या मोटारवाल्यांचे पत्ते पार्थिबनकडून एकगठ्ठा मागून घेतले आणि आपल्या मशीनमध्ये एका कोपऱ्यात ठेवून दिले. एकगठ्ठा मागितलं तरी फलक ती एकच हाक धरी. सोमवारपासून मोटार विभागाने पार्थिबनला विचारणं बंद केलं.

फलकावरचा वरचा आकडा मंदावला. तिल्लैनायगम आता फलकासमोरच्याच टेबलावर बसून जेवू लागला. दहीभात पूर्ण संपू लागला. लोणचं तो मागून घेऊ लागला. ज्या दुपारी मोटार सेवा वर गेली, त्या दुपारी त्याने कॅन्टीनमधल्या अनोळखी माणसालाही पायसम घ्या म्हणून आग्रह केला.

पार्थिबन ताट घेऊन समोर येऊन बसला. "अण्णे, मोटारवाल्यांचं काय झालं? दिसत नाहीत हल्ली. रागावलेत का?"

"लोक घरं बदलेनासे झाले असतील."

"चेन्नईत?" पार्थिबन म्हणाला आणि ताटातला अप्पळम कुरकन मोडला. पण त्याचं गुणगुणणं त्या दिवशी बंद होतं. तिल्लैनायगमने कान देऊन ऐकलं; खरंच बंद होतं. इतकं गोड गाणं त्याने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

चेन्नईत लोक घरं बदलतात. ज्ञानसंबंदन साहेबांनीही बदललं. ऑगस्टच्या शेवटी ते बेझंटनगरचा फ्लॅट सोडून कीळ्पाकला राहायला गेले, आणि शिस्तीचे असल्यामुळे नवा पत्ता पहिल्याच दिवशी कंपनीत कळवून मोकळे झाले. पत्ता सेवेला तो मिळाला. मोटार सेवेच्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्याला तो कळायचं कारण नव्हतं. पूजा आठवड्यावर आली असताना, साहेबांच्या बायकोची गाडी तेनाम्पेटच्या सिग्नलला पोलिसाने अडवली. गाडीचा विमा संपलेला होता. नूतनीकरणाची सूचना बेझंटनगरला जाऊन दाराच्या फटीत पडली होती. नवरा कुठे असतो, असं पोलिसाने बाईंना विचारलं. विमा कंपनीत, असं त्यांना सांगावं लागलं. पोलिसाने बाजूच्या पोलिसालाही बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत दोघं उभे होते.

"पत्ता सेवा कुणाची?" साहेब म्हणाले.

"माझी, सार," पार्थिबन म्हणाला. "पण माझ्याकडे कीळ्पाकच आहे. आत्ता विचारून बघा. मोटारवाल्यांनी मला विचारलंच नाही."

साहेब तिल्लैनायगमकडे वळले.

आता खरं सांगितलं असतं तर एवढंच झालं असतं, की परिपत्रकाविरुद्ध साठा केला म्हणून बोलणी बसली असती, आणि पाटावर पार्थिबन बसला असता. तिल्लैनायगमला बोलण्यांची फारशी भीती नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे रेशमी वस्त्र आलं, आणि त्याच्याखाली चोपून बसवलेले केस.

"विचारलं होतं, सार," तो म्हणाला. "उत्तर आलं नाही. थोडा वेळ थांबलो. मग काम अडायला नको म्हणून जवळ जुना पत्ता होता तो वापरला."

"अण्णे," पार्थिबन म्हणाला. एवढंच.

"फलकावरही हल्ली यांचा आकडा पडलेलाच दिसतोय, सार," तिल्लैनायगमने जोडून दिलं. "सेवेत कुठेतरी दम राहिलेला नाही."

आकडा पडला होता हे खरं होतं, आणि साहेबांचा फलकावर विश्वास होता. त्यांनी टेबलावरचं पहिलं परिपत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "उत्तर आलं नाही तर जवळचं वापरायचं. तिल्लै, हे तुम्ही योग्य केलंत. हे आपल्याला सिंगापूरला कुणी सांगितलं नव्हतं." त्याच दिवशी दुसरं परिपत्रक निघालं. हाक मारावीच, परंतु उत्तर न आल्यास प्रत्येक विभागाने व शाखेने आपल्याजवळ केलेल्या साठ्यातून काम भागवावं. तिल्लैनायगमच्या दूरदृष्टीचा त्यात नामोल्लेख होता. त्याने त्याची एक प्रत घरी नेली.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी फलकावर मोटार सेवा वर होती. कुणाला वाद घालायला जागा नव्हती.

पूजा छान झाली. तिल्लैनायगम पाटावर बसला. मोटार सेवेच्या डब्याला टिळे लागले, हार पडला. डबा बारका असल्यामुळे हार जमिनीवर लोळत होता, पण फोटोवाल्याने तो नीट दुमडून घेतला. बाकीच्या डब्यांना चंदनाचा एकेक ठिपका. आयुधपूजेला पूजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वापरायचं नसतं; पूर्वी त्यासाठी मोठं मशीन बंद करून ठेवत. आता सगळीच मशीनं बंद ठेवणं प्रवासविमा विकणाऱ्या विमानतळावरच्या काउंटरमुळे परवडणारं नव्हतं. साहेबांनी तोडगा काढला. पहिला मान ज्याचा, विश्रांती त्याची. विजयादशमीला सकाळी मालकाने आपल्या हाताने सुरू करायचं. गुरुक्कळना हे पटलं. तिल्लैनायगमने स्वतः बटण दाबलं, आणि मोटार सेवेचा हिरवा दिवा मानाने विझला.

कोहळा फुटला, प्रसादाचं सुंडल वाटलं गेलं. गळ्यात हार आणि डोक्याला रेशीम अशा थाटात तिल्लैनायगम हरभऱ्याचं सुंडल खात उभा होता, तेव्हा पार्थिबन जवळ आला. हातातल्या कुरमुऱ्यांतून तो एकेक खोबऱ्याचा काप वेचून खात होता.

"शोभतं तुम्हाला, अण्णे. खरंच."

"तुझीही येईल वेळ, पार्थिबा."

"नको, नको. बरं झालं मला नाही मिळाला," पार्थिबन म्हणाला. "माझं मशीन असं रात्रभर निजवलं असतं ना, तर सकाळी कंपनीला कुणाचं घर सापडलं नसतं. तुमचं बरंय. निजू दे आरामात." आणि तो गुणगुणत जिना उतरला.

ते सुंडल तिल्लैनायगमला बाधलं. घरी जाईस्तोवर हाराचा वास डोक्यात चढला होता. वडिवूने फोटो कधी मिळेल म्हणून विचारलं, तो अंथरूण घालून आडवा झाला. निजू दे आरामात. जणू मोटार सेवा म्हणजे घरातली म्हातारी आत्या.

विजयादशमीला सकाळी तो थंड खोलीत गेला. मशीनसमोर उभा राहिला. बटणावर बोट ठेवलं, आणि मग उचललं.

कळू दे. त्याने ठरवलं, आज कळूच दे. सेलमला लॉऱ्यांच्या रांगा लागू देत, मदुरैत गिऱ्हाइकं काउंटरवर हात आपटू देत, साहेबांचा फोन येऊ दे. पार्थिबनसमोर येऊ दे. मग तो सावकाश उठेल, खाली येईल, आणि एका बोटाने कंपनी सुरू करील.

तो जागेवर जाऊन फोनजवळ बसला. दुपारपर्यंत एकच फोन आला, तो देखभाल विभागाचा. जिन्यावरच्या कोहळ्यावरून कुणीतरी घसरलं होतं आणि पूजेचा यजमान म्हणून त्याला कळवण्यात येत होतं.

जेवायला जाताना त्याने फलक पाहिला. मोटार सेवेचा आकडा वाढत होता. मशीन बंद होतं आणि आकडा वाढतच होता, कारण फलक हाका मोजत असे, उत्तरं नव्हे. तिल्लैनायगमला भरून आलं. बिचाऱ्या शाखा उत्तर मिळत नसताना टाहो फोडत होत्या. किती धीराची माणसं, एकानेही फोन करून तक्रार केली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही केली नाही. त्यानंतरचा आठवडाही तसाच गेला. आता मशीन सुरू करावं तर आजवर बंद होतं हे कबूल करावं लागणार, आणि बंद होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, हेही त्याबरोबर जाहीर होणार. तिल्लैनायगम रोज थंड खोलीच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. फोटो आला. वडिवूने तो लावला. मेहुणे येऊन सोफ्यावर बसून गेले. हार डब्यावर वाळून काळा पडला, आणि शेजारच्या डब्यातली पत्ता सेवा आपला हिरवा दिवा लुकलुकवत राहिली. त्या लुकलुकण्यात त्याला पार्थिबनची ती चाल ऐकू येई.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्याला राहवेना. त्याने सेलमच्या शाखेला फोन लावला. लॉऱ्यांच्या विम्याची कंपनीतली सगळ्यांत मोठी शाखा. तिथे अय्यावू म्हणून मॅनेजर होता.

"अय्यावू, धंदा कसाय?"

"फर्स्टक्लास, सार. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच गाड्या हव्यात."

"हप्ते काढायला काही अडचण?"

"नाही, सार. अडचण कसली?"

"म्हणजे मोटार सेवेचं उत्तर वेळेवर मिळतं?"

"सार, तसं आम्ही बघत नाही. हाक मारतो, आणि आमच्याकडच्या तक्त्यातून हप्ता काढतो. साठ्यातून भागवा असं परिपत्रक आलं ना, तुमच्या नावाचं. सगळ्या शाखांनी तक्ता करून घेतला. तक्ता तुमचाच आहे, सार. दर काही बदलले नाहीत."

"ते उत्तर आलं नाही तर," तिल्लैनायगम म्हणाला. "उत्तर आलं तर?"

"थांबायला कुणाला वेळ आहे, सार? काउंटरवर गर्दी असते."

"मग हाक कशाला मारता?"

"हाक मारावीच, असं लिहिलंय त्यात," अय्यावू म्हणाला. "पहिलं परिपत्रकही रद्द झालेलं नाही."

तिल्लैनायगमने फोन ठेवला आणि खाली जाऊन मशीन सुरू केलं. फलकावर काहीच बदललं नाही.